वाचनालयाच्या फलकासाठी विचारतोय: आधार, अंगठा आणि ओटीपी कसं सांभाळायचं?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयात एक मोठा फलक लावायचा आहे, पूर्ण मराठीत. ग्राम वनची (कर्नाटक सरकारचं गावातलं सेवा केंद्र) पावती येते कन्नडमध्ये, बँकेचा मेसेज येतो इंग्रजीत, आणि वाचून सांगणार कोण, तर दुकानात बसलेला पोरगा. त्याच्या हातात फोन दिला की ओटीपी, आधार, पासबुक सगळंच त्याच्यासमोर उघडं पडतंय. पोरगा वाईट असतो असं नाही, पण आपलं काय काय त्याच्याकडं राहिलं हे आपल्यालाच कळत नाही.

नेमकं हे विचारायचं आहे:

झेरॉक्सवाल्याला आधारची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतात, ते कितपत बरं? खरेदीखताला उपनिबंधक कार्यालयात अंगठा दिलेला असतो, त्यावरून खात्यातले पैसे जातात म्हणतात, ते कसं काय? आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं तर गृहलक्ष्मीचे (कर्नाटक सरकार घरातल्या बाईला महिन्याला देतं ते) २००० रुपये आणि रेशन दोन्ही थांबतंय अशी बायकांत भीती आहे, त्यात खरं किती? आणि गावच्या ग्रुपवर पीएम किसानच्या नावानं येणारी एपीके फाईल चुकून उघडलीच, तर पहिल्यांदा काय करायचं?

"सावध राहा" एवढंच लिहून भागत नाही. कुठलं बटण, कुठला नंबर, किती दिवसांत, असं पाहिजे.

---

किल्ला तलाव (बेळगाव)

झेरॉक्सचं मी सांगतो.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल. म्हणजे नाव आणि साल ठाऊक असलेल्या कुणालाही ती फाईल उघडते, आणि प्रिंट काढायला तो पासवर्ड आपणच दुकानात सांगतो. फाईल दुकानाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेबमधून उतरली की ती डाउनलोड फोल्डरमध्ये बसते. तुम्ही तुमच्या फोनवरून मेसेज "सगळ्यांसाठी डिलीट" केला तरी त्या फोल्डरमधली प्रत जात नाही. प्रिंट निघाल्यावर तिथंच उभं राहून ती फाईल डाउनलोडमधून आणि नंतर रिसायकल बिनमधून काढायला सांगा. यात कुणाचा अपमान नाही, चांगला दुकानदार स्वतःहून करतो.

त्याहून बरं म्हणजे पूर्ण आधार दुकानात न्यायचंच नाही. मायआधार संकेतस्थळावर डाउनलोड करताना "मास्क्ड आधार" अशी खूण असते, ती केली की १२ पैकी पहिले ८ आकडे झाकले जातात आणि शेवटचे ४ दिसतात. लॉज, ओळख दाखवणं, क्लासचा प्रवेश अशा जागी तेवढं पुरतं. मात्र एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मास्क्ड प्रतीवरच्या क्यूआर कोडमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो असतोच. जिथं स्कॅन करायची गरज नाही तिथं झेरॉक्सवर क्यूआर पेनानं काट मारून द्या.

पूर्ण प्रत द्यावीच लागली तर छायाप्रतीवर आडवी ओळ लिहा: "फक्त अमुक अर्जासाठी", तारीख आणि सही. ओळ कोपऱ्यात नको, ती फोटोवरून आणि आकड्यांजवळून गेली पाहिजे. कोपरा कापून पुन्हा झेरॉक्स काढता येते.

आपल्याशी जवळचा एक संदर्भ. आधार प्राधिकरणाच्या बेंगळूरच्या विभागीय कार्यालयानं २७ मे २०२२ ला "आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, मास्क्ड वापरा" अशी सूचना काढली होती. गैरसमज होईल म्हणून केंद्रानं ती २९ मे ला मागं घेतली. सूचना मागं गेली, मास्क्ड आधारची सोय मात्र आजही चालू आहे.

---

वेदगंगा (निपाणी)

अंगठ्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

खात्यातून पैसे काढायची एक पद्धत आहे, एईपीएस. बँक मित्र किंवा किराणा दुकानात छोट्या मशीनवर अंगठा ठेवून पैसे देतात ती. त्याला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. ओटीपी नाही, पिन नाही, एटीएम कार्ड नाही. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत यांवर आधार क्रमांकही असतो आणि ठसाही असतो. त्या कागदाची स्पष्ट स्कॅन प्रत मिळाली की सिलिकॉनसारख्या पदार्थावर ठसा उमटवता येतो. २०२३ मध्ये बेंगळुरात अशाच तक्रारी नोंदल्या गेल्या, जमिनीच्या नोंदणीनंतर खात्यातून पैसे गेल्याच्या. म्हणजे ही अफवा नाही.

यावर उपाय बायोमेट्रिक लॉक. मायआधारवर किंवा आधारच्या सरकारी ॲपमध्ये आधार क्रमांक आणि ओटीपीनं आत जायचं, "लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स" निवडायचं. लॉक केलं की बोट, डोळे आणि चेहरा तिन्ही बंद. त्यानंतर कुणीही, अगदी तुम्ही स्वतःही, मशीनवर अंगठा ठेवलात तर ३३० नंबरची एरर येते. दुकानदार "मशीन खराब आहे" म्हणाला आणि पडद्यावर ३३० दिसलं, तर मशीन ठीक आहे, तुमचं लॉक चालू आहे.

ओटीपी यायचा तर आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे. नसेल तर आधार केंद्रात किंवा सोय असलेल्या पोस्टात जाऊन जोडून घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून मोबाईल बदलायचे ७५ रुपये आहेत. पावती मागून घ्या.

लॉक करण्याआधी तिथंच "ऑथेंटिकेशन हिस्टरी" बघा. मागच्या ६ महिन्यांतल्या नोंदी निघतात, एका वेळी ५०. तारीख, वेळ, कुठल्या संस्थेनं तपासलं, ओटीपीनं की बायोमेट्रिकनं, जमलं की फसलं, सगळं दिसतं. तुम्ही अंगठा दिलाच नाही त्या दिवशी "बायोमेट्रिक" दिसलं, तर ते फसलेलं असलं तरी गांभीर्यानं घ्या. कुणीतरी प्रयत्न केला आहे. आधारच्या हेल्पलाइनला, १९४७ वर, फोन लावा, तिथं मराठीत बोलता येतं.

आता गृहलक्ष्मीचं. लॉक केल्यानं २००० रुपये थांबत नाहीत. ते पैसे आधारला जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात, त्याला अंगठा लागत नाही. तसंच पीएम किसानच्या हप्त्याचं. लॉक अडवतं ते अंगठा लावून पैसे काढणं आणि अंगठा लावून ई-केवायसी करणं. फलकावर हे एक वाक्य ठळक रंगात लिहा, निम्मी भीती तिथंच जाईल.

---

अनगोळ नाका

वेदगंगा यांनी लिहिलंय ते बरोबर, पण रेशनची बाजू राहिली. रेशन दुकानात महिन्याला अंगठा लागतोच, आणि घरातल्या सगळ्यांनी लॉक केलं तर त्या दिवशी रांगेत भांडण होणार.

दोन वाटा आहेत. एक, तात्पुरतं अनलॉक. ते १० मिनिटांपुरतं असतं, मग आपोआप पुन्हा लॉक होतं. त्यामुळं घरून अनलॉक करून निघू नका, नंबर जवळ आला की रांगेत उभं राहून करा. रेंज नसलेल्या गावात हे जमत नाही. तिथं दुसरी वाट बरी. कार्डावरच्या कुठल्याही एका माणसाचा अंगठा चालतो, तेव्हा ज्याच्या खात्यात फारसे पैसे नसतात अशा एकाचं अनलॉक ठेवायचं आणि बाकी सगळ्यांचं लॉक. ज्यांच्या नावावर जमीन आहे, ज्यांनी नोंदणीला अंगठा दिलाय, त्यांचं लॉक आधी.

म्हाताऱ्या माणसांचा हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून करत असाल, तर त्या दिवशीही अनलॉक करावं लागतं. चेहराही लॉकमध्ये येतो, हे विसरून लोक ॲपला शिव्या देत बसतात.

आणि फक्त "सरकारी खातं" सुरक्षित केलं म्हणून थांबू नका. अनुदान एकाच खात्यात येतं हे खरं, पण एईपीएस आधार जोडलेल्या प्रत्येक बँकेच्या खात्यातून चालतं. ज्याला या सोयीची गरजच नाही त्यानं शाखेत लेखी अर्ज द्यावा: "माझ्या खात्यावरील एईपीएस व्यवहार बंद करावेत", आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. काही बँकांच्या ॲपमध्येच ते बटण असतं.

सेवा केंद्रातल्या अर्जाबद्दल एक. ऑपरेटर गडबडीत स्वतःचा मोबाईल नंबर टाकून मोकळा होतो. पुढं त्या अर्जात दुरुस्ती, खातं बदल, काहीही करायचं झालं की ओटीपी त्याच्या फोनवर जातो. पावती हातात आली की पहिल्यांदा मोबाईलचे शेवटचे चार आकडे वाचा. कन्नड येत नसलं तरी आकडे कळतात.

---

मलप्रभाकाठ

फार उपयोगाचं मिळालं, मनापासून धन्यवाद. ३३० चा आकडा आणि १० मिनिटांचं कुणालाच माहीत नव्हतं.

अजून एक विचारतो. आमच्याकडं बऱ्याच जणांकडं दोन सिम असतात, एक बेळगावचं आणि एक कोल्हापूरचं. बँक, गूगल सगळं कोल्हापूरच्या जुन्या नंबरावर, आणि आता ते रिचार्ज करायचं सोडून दिलंय. त्यात काही धोका आहे का?

---

किल्ला तलाव

मोठा धोका आहे, आणि सीमाभागात तो जास्त, कारण दोन राज्यांचे नंबर घरोघरी असतात.

९० दिवस सिम वापरलंच नाही, ना कॉल, ना मेसेज, ना डेटा, तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो नंबर कुणाला देत नाहीत, नंतर मात्र नव्या ग्राहकाला जातो. त्या अनोळखी माणसाच्या फोनवर तुमच्या बँकेचा ओटीपी येऊ लागतो. त्यानं काही गुन्हा केलेला नसतो, नंबर रीतसर त्याचाच असतो. तुमच्या नंबरावर व्हॉट्सॲपही तो उघडू शकतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी आधारमधला नंबर बदला, मग बँक, मग गूगल खात्याचा रिकव्हरी नंबर, मग व्हॉट्सॲपमधलं "नंबर बदला". सगळीकडं नवा नंबर चालू झाल्याचा मेसेज आला की मगच जुनं सिम सोडा. हे सगळं नको असेल तर नंबर पोर्ट करून घ्या. जुलै २०१५ पासून महाराष्ट्र सर्कलचा नंबर तसाच ठेवून कर्नाटक सर्कलमध्ये आणता येतो.

आपल्या नावावर नेमकी किती सिम आहेत ते संचार साथी संकेतस्थळावर कळतं. मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकला की देशभरातली यादी येते, सर्कल कुठलंही असो. एका माणसाला ९ पर्यंत परवानगी आहे. अनोळखी नंबर दिसला तर "माझा नंबर नाही" निवडायचं. फोन हरवला तर त्याच संकेतस्थळावरून आयएमईआय (हँडसेटचा स्वतःचा क्रमांक) देऊन हँडसेटही ब्लॉक करता येतो. आयएमईआय आधीच वहीत लिहून ठेवा, *#०६# डायल केलं की दिसतो.

आता सिम पिन. बहुतेकांनी फोनला पॅटर्न लावलेला असतो, पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथं येतो. पॅटर्नचा उपयोग शून्य. सेटिंगमध्ये "सिम लॉक" शोधा आणि सिमलाच पिन लावा. सुरुवातीचा पिन कंपनीनं ठरवलेला असतो, तो आधी त्यांना विचारा, अंदाजानं टाकू नका. ३ वेळा चुकलं की सिम पीयूके कोड मागतं, आणि पीयूके १० वेळा चुकला की ते सिम कायमचं बाद. म्हणून पिन घरातल्या वहीत लिहिलेला असावा, फोनमध्ये नव्हे.

त्याच बैठकीत अजून दोन गोष्टी करून टाका. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये लॉक पडद्यावर मजकूर झाकायचा, नाहीतर बंद फोन टेबलावर असतानाही ओटीपी वर चमकतो. आणि व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, अकाउंट, "टू-स्टेप व्हेरिफिकेशन", तिथं ६ आकडी पिन. तो पिन असला की नुसत्या ओटीपीवर तुमचं व्हॉट्सॲप दुसरीकडं उघडत नाही.

---

वेदगंगा (निपाणी)

एपीकेचं राहिलं.

ती फाईल पीएम किसान, आरटीओ चलान, लग्नपत्रिका अशा नावानं येते, आणि बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरावरून, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. नावाच्या शेवटी "डॉट एपीके" असलं की ती पत्रिका नाही, ॲप आहे. बसल्यावर ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की तुमचे ओटीपी परस्पर दुसरीकडं जातात, तुम्हाला ते दिसतही नाहीत. "ॲक्सेसिबिलिटी" दिलीत तर पडदाच त्यांच्या हातात.

अडवायचं कसं: सेटिंग, ॲप्स, "अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करा", तिथं व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाईल मॅनेजर तिन्हीसमोर बंद. एकदा केलं की पुन्हा बघावं लागत नाही.

उघडलीच तर क्रम चुकवू नका. लगेच एअरप्लेन मोड, वायफायही बंद. मग सिम काढा आणि घरातल्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला. असं केलं की पुढचे ओटीपी स्वच्छ फोनवर येतात आणि आपल्यालाच कळतात. त्याच फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर १९३०, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. संशयित ॲपचं नाव, ज्या नंबरावरून आलं तो नंबर आणि मेसेज, यांचे फोटो दुसऱ्या फोननं काढून घ्या, कारण फॅक्टरी रीसेटनंतर पुरावा उरत नाही. मग रीसेट. ॲप साधेपणी निघत नसेल, तर त्यानं "डिव्हाइस ॲडमिन" घेतलेलं असतं. ते काढून डिलीट झालं तरी माझं मत रीसेट कराच. गूगलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि व्हॉट्सॲपमधली "लिंक्ड डिव्हाइसेस" रिकामी करा.

---

हलशीकर

१९३० बद्दल एक गैरसमज घालवू. तिथं फोन केला म्हणजे बँकेला लेखी कळवलं असं होत नाही. दोन्ही वेगळं करावं लागतं.

१९३० वर बोलताना खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयचा तो १२ आकडी असतो. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवायचे असतात, म्हणून इथं मिनिटं मोजायची. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार, राज्य कर्नाटक निवडून.

बँकेला लेखी कळवायचा नियम रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं आणला, सहकारी बँकांसाठी तसंच १४ डिसेंबर २०१७ च्या. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि व्यवहाराचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. मेसेज आला तो दिवस मोजत नाहीत. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी त्याच दिवशी जा. अंगठ्याचा ठसा चोरीला गेला असेल तर अर्जात स्पष्ट लिहा की "मी कुठलाही ओटीपी किंवा पिन दिलेला नाही", आणि ऑथेंटिकेशन हिस्टरीची प्रत जोडा.

आपल्याकडं सौहार्द सोसायट्या आणि पतसंस्थांत पुष्कळ लोकांची ठेव असते. त्या बँका नव्हेत, रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक त्यांना लागू नाही. सोसायटीनं मोबाईल ॲप दिलं असेल, तर पैसे चुकीचे गेल्यास जबाबदारी कुणाची हे खातं उघडतानाच लेखी विचारा.

पोलिसांचं: बेळगाव शहराला आयुक्तालयाचं सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) ठाणं, तालुक्यांना जिल्हा पोलिसांचं. पण हद्द माहीत नाही म्हणून थांबायचं कारण नाही. नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. तो वाचून दाखवायचा असतो, आणि मराठीत समजावून सांगा असं नम्रपणे म्हणायला काहीच हरकत नाही. समजल्याशिवाय सही नको. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

फलकावर बँकेचे नंबर लिहिताना ते गूगलवर शोधून लिहू नका. "कस्टमर केअर" म्हणून तिथं ठकांचेच नंबर लावलेले असतात. पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून उतरवा. बँकेचं संकेतस्थळ लिहायचं तर शेवट "डॉट बँक डॉट इन" आहे का बघा. ऑक्टोबर २०२५ अखेर सगळ्या बँकांना तो शेवट घ्यायला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं, आणि तो बँकेशिवाय कुणाला मिळत नाही.

---

मलप्रभाकाठ

हलशीकर, पासबुकावरून नंबर उतरवायचं डोक्यातच नव्हतं, कच्च्या मजकुरात गूगलवरचाच नंबर होता. तो काढला. १९३० आणि १९४७ सगळ्यात वर मोठ्या आकड्यांत घेतोय, त्याखाली गृहलक्ष्मीचं वाक्य लाल रंगात, आणि खाली शाखांच्या नंबरांसाठी रिकामे चौकोन. शनिवारी बाजाराच्या दिवशी ज्याचा त्यानं पासबुक आणून आपल्या शाखेचा नंबर स्वतःच्या हातानं लिहायचा.

---

अनगोळ नाका

दादा, त्या शनिवारी एक टेबल लावा की, बायोमेट्रिक लॉक तिथंच करून द्यायला. फक्त ओटीपी ज्याचा त्यानं टाइप करायचा, मदत करणाऱ्यानं फोन हातात घ्यायचा नाही. आणि यायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवा: आधारला जोडलेलं सिम ज्या फोनमध्ये आहे तोच फोन आणायचा, नाहीतर अर्धी माणसं ओटीपी येत नाही म्हणून परत जातील.